शाळा काय, रोजचीच आहे!

मुलाला रोजच्या रोज शाळेत पाठवणारे पालक दिसले की मला त्यांची काळजी वाटते. या लोकांना नातेवाईक नाहीत का? यांच्याकडे मुंजी, बारशी, सत्यनारायण काहीच निघत नाही? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवायला सांगितलं आहे. हे आकडे ठरवताना तुमच्या आतेभावाच्या साखरपुड्याचा विचार कुणीही केलेला नाही. तो तुम्हालाच करावा लागणार.

सुरुवात शुक्रवारपासून करा. शनिवारी अर्धीच शाळा, तेवढ्यासाठी डबा कोण करणार? मग एकट्या शुक्रवारने काय घोडं मारलंय? पुढे धीर चेपला की आठवडाच घ्या. मे महिन्यात तारकर्लीला खोली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. जानेवारीत निम्म्या भावात मिळते. शाळेची फी काय, वर्षाची भरलेलीच आहे. हॉटेलात वाचले ते मात्र रोख वाचले.

रजेचा अर्ज मुलाकडूनच लिहून घ्या. तुम्ही सांगायचं, त्याने लिहायचं: ‘मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही.’ “पण बाबा, मला ताप कुठे आला होता?” असं तो पहिल्या खेपेला विचारेल. “लिही गुपचूप” म्हणावं. दुसऱ्या खेपेला विचारत नाही. शुद्धलेखन होतं, व्यवहारज्ञानही येतं. फक्त नाकाची सालं निघालेलं, रापलेलं पोरगं वर्गात जाऊन “बाई, आम्ही डॉल्फिन पाहिले!” असं सांगणार नाही, एवढी तालीम घरी करून घ्या.

बुडालेल्या अभ्यासाची चिंता नको. रात्री साडेदहाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, ‘आज काय झालं वर्गात? फोटो पाठवा ना प्लीज.’ एखादी सोशिक आई असतेच. फोटोत अर्धा अंगठा आणि उरलेल्या जागेत १/२ + १/३ = ३/६ + २/६ = ५/६ असं गणित येतं. बाईंनी कागदाला घड्या घालून छेद सारखे का करायचे ते दाखवलं, ते काही फोटोत येत नाही. पोरगं मुकाट्याने उतरवून घेतं आणि पुढचं गणित स्वतःच्या डोक्याने सोडवतं: १/४ + १/३ = २/७. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. त्याच्या परीने त्याचं बरोबरच आहे.

पालकसभेत आवाज चढवून विचारा, “तुम्ही शिकवता तरी काय?” बाई हजेरीपट पुढे सरकवतील, तिकडे बघू नका. त्याच संध्याकाळी शिकवणी लावा. तिथे मात्र खाडा नको. ताप असला तर गोळी देऊन पाठवा, दर महिन्याला पैसे मोजतो आपण!

ऊसतोड कामगारांचं बघा, किती सोपं. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघायचं, पोरंही बरोबर फडावर. “आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहाचं बघतो,” म्हणून मास्तर गाडीपर्यंत विनवण्या करत येतात. त्यांना ना अर्ज, ना कारण. तुम्हाला बिचाऱ्यांना दर वेळी नवं कारण शोधावं लागतं. गरिबाघरच्या, पहिली ते चौथीतल्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून राज्य सरकारने १९९२ मध्ये हजेरीमागे रोज एक रुपया भत्ता सुरू केला. एका रुपयासाठी रोज शाळेत जायचं! आपल्यात असलं चालत नाही.

आणि खरी फळं अकरावीत मिळतात. तिथे ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय आहे: नाव कॉलेजात, पोरगं क्लासमध्ये. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेसाठी काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी आणली, तेव्हा पुष्कळ पालक हबकले होते. तुम्ही हबकू नका. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते आणि कमी पडली तर आजारपणाचं प्रमाणपत्र जोडता येतं. मजकूर चिरंजीवांना तोंडपाठ आहे. डॉक्टरांच्या सहीचं तेवढं तुम्ही बघा. तुमची सही तो सातवीपासून करतो आहे.