हॅलो, माइक टेस्टिंग

टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदलून मिळाला. आत राहिलेल्या कॅसेटवरचा गेम मात्र गेला आणि त्याच्या जागी कारागिराचा आवाज आला, साडेतीनशे रुपयांत.

गेम म्हणजे 1984च्या ‘जेट सेट विली’साठी एका चाहत्यानं बांधलेला नवा वाडा. मूळ गेम मॅथ्यू स्मिथचा, झेडएक्स स्पेक्ट्रम या कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणाऱ्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचा; त्यात विली नावाचा गडी वाड्यातल्या खोल्यांतून फिरतो. इतकी वर्षं झाली तरी हौशी लोक त्यात नव्या खोल्या काढतात, तेही 48 के, म्हणजे 48 किलोबाइट मेमरीत. आपल्याकडे ‘सुप्रभात’चा गुलाबसुद्धा त्याहून जड येतो.

“काका, कॅसेट गेलीय तुमची,” म्हणत कारागिरानं प्ले दाबलं. किंचाळी ऐकून शेजारचा चहावाला बाहेर आला.

“गेलेली नाही. तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आहे.”

“कॉम्प्युटर कुठंय यात?”

“घरी आहे. हा आवाज त्याला ऐकवायचा, मग गेम सुरू होतो.”

“किती वेळ?”

“पाचेक मिनिटं.”

“आणि तो ऐकून घेतो?” त्यानं चहावाल्याकडे पाहिलं. चहावाल्यानं माझ्याकडे.

“हेड घाण झालंय,” असा निकाल देऊन त्यानं स्पिरिटचा बोळा फिरवला. तीच किंचाळी. हेडचा स्क्रू पिळला. किंचाळी जरा जाड झाली. मी “अहो” म्हणेपर्यंत त्यानं लाल बटण दाबलं. “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. पक्या, दोन कटिंग पाठव रे.” मागे घेऊन ऐकवलं. “बघा! मशीन ओके. तुमच्या कॅसेटमध्येच घोळ होता.”

हा युक्तिवाद जुनाच. ‘जेट सेट विली’त माळ्यावर जाऊन आलं की इतर खोल्या बिघडायच्या, काहींत पाऊल टाकताच विली मरायचा. कंपनी म्हणाली, चूक नाही, तिथं विषारी वायू सोडलाय! शेवटी निमूटपणे दुरुस्तीचे पोक, म्हणजे मेमरीतले आकडे बदलायच्या आज्ञा, जाहीर करावे लागले. इथं कोण जाहीर करणार?

आणि चाहत्यांच्या नशिबी हेच असतं. कमोडोर 64 या तशाच जुन्या कॉम्प्युटरवर निन्टेंडो कंपनीचा ‘मारिओ’ गेम उतरवायला एकानं सात वर्षं घातली. 2019 मध्ये तो बाहेर आला आणि निन्टेंडोनं काही दिवसांतच संकेतस्थळांवरून उतरवायला लावला. फुकट राबणाऱ्याला निदान राबू तरी द्यावं.

घरी लोड केला. काठावर पट्टे धावले, वाड्याचं चित्र वरून खाली भरत आलं, मी चष्मा पुसून बसलो, आणि पक्याच्या कटिंगपाशी मशीननं मान टाकली. पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’.

दुकानात परत गेलो, तर म्हणाला, “गॅरंटी बेल्टची आहे, काका. आणि गेमच हवेत ना? पेनड्राइव्ह आणा, दोनशे भरून देतो. एकही ओरडणार नाही.”