पाच गुंठे एकांत

रविवारी अव्या कट्ट्यावर आला तोच घोषणा करत. "बास झालं. वेल्ह्याकडे पाच गुंठे बघितलेत. फोन बंद, माणसं बंद." हे दर सहा महिन्यांनी असतं. मागच्या खेपेला विपश्यना होती. इगतपुरीहून चौथ्या दिवशी परत, कारण रात्रीचं जेवण नाही.

या वेळी डोक्यात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात एकटा राहिलेला ख्रिस्तोफर नाइट. "१९८६ ला गाडी सोडून आत घुसला, तो २०१३ लाच सापडला. २७ वर्षं! तेवढ्या काळात एका वाटसरूला फक्त 'हाय' म्हणाला. धूर दिसेल म्हणून एकदाही शेकोटी नाही. साधना म्हणतात याला."

"आणि खायचा काय?" शैला बोटाने चहावरची साय काढत होती. म्हणजे अव्याचं आता काही खरं नव्हतं.

"ते... आसपासच्या केबिनांमधून."

"हजारेक घरफोड्या. गॅसच्या टाक्यासुद्धा लोकांच्या. मग धूर कशाला निघतोय?"

"अगं, पण तुकोबा..."

"त्यांना मध्ये आणू नकोस. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन कोण चढायचं? आवली. काटा मोडला तोही तिच्याच पायात."

मी हळूच तळ्याकाठी एकटा राहिलेल्या अमेरिकन लेखक थोरोचं नाव काढलं. "तो घरी जेवायला जायचा ना रे?" शैलाने विचारलं. जायचा. वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं दोन महिने, आणि गाव चालत अर्ध्या तासावर. मी चहा प्यायला लागलो.

बापू इतका वेळ गप्प होता. "आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका. काकू गेल्यापासून दार बंद. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीलाच. मी येता-जाता बोट लावून बघतो, कोमट झालेली असते. संध्याकाळी दिसली नाही की बरं वाटतं."

"मग बेल वाजव की लेका," अव्या म्हणाला. या एका वाक्याचे मार्क त्याला द्यायला हवेत.

"वाजवली. म्हणाले, पेपरचं बिल एक तारखेला देतो."

हसावं की नाही कळेना. शेवटी शैलाच फुटली, मग सगळेच.

"एकांत म्हणे," बापू डोळे पुसत म्हणाला. "तोरण्यालासुद्धा एकटं चालायचंय म्हणून पुढे गेलास, आणि आमचं जेवण तुझ्या सॅकमध्ये. वर पोचतो तर ठेच्याचा रिकामा डबा!"

"दोनच भाकऱ्या होत्या रे."

"पाच!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.