पैसे भरून कान्समध्ये 'सिलेक्शन' होत नाही, तो मेसेज पुढे ढकलू नका

'कान्स म्हणजे पैशांचा खेळ आहे, पैसे भरले की कुठलीही फिल्म सिलेक्ट होते, भारताला तिथे आजवर काही मिळालं नाही, नुसते हिरोइनींचे गाऊन.' हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण काल मावसभावाचा फोन आला. त्याने मित्रांना जमवून शॉर्टफिल्म केलीय, आता एक एजंट 'कान्स सिलेक्शन करून देतो' म्हणून पैसे मागतोय आणि भाऊ मला तोच मेसेज वाचून दाखवतो, दादा तिथे असंच चालतं ना, मग भरू का?

नाही, असं चालत नाही!

फ्रान्समधल्या कान्सला एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. एक फेस्टिव्हल आणि दुसरा फिल्म मार्केट, म्हणजे सिनेमांच्या खरेदी-विक्रीचा बाजार. मार्केटमध्ये पैसे भरून स्क्रीनिंग करता येतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे, मान्य. आपलं राज्य सरकार २०१६ पासून मराठी सिनेमे नेतं तेही या मार्केटमध्येच, बाहेरचे खरेदीदार मिळावेत म्हणून, आणि ते चांगलंच काम आहे. पण इकडे बातमी येते 'कान्समध्ये निवड', आणि मग लोकांना वाटतं फेस्टिव्हलच विकत मिळतो. मार्केटमध्ये दाखवलेल्या फिल्मला ज्युरी बघत नाही, पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, तर लांबच राहिलं.

फेस्टिव्हलची निवड कशी असते त्यासाठी पुण्याचंच उदाहरण घ्या. २०२४ ला एफटीआयआय या तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईकच्या शॉर्टफिल्मला 'ला सिनेफ' या विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस मिळालं. जगभरच्या ५५५ फिल्म स्कूलमधून २,२६३ फिल्म आल्या होत्या, त्यातल्या फक्त १८ घेतल्या. एफटीआयआयच्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन कोर्समधली ही फिल्म. पैशाने होत असतं तर या मुलांचा नंबर कधी लागला असता?

'भारताला काही मिळालं नाही' हे तर धडधडीत खोटं. १९४६ ला, पहिल्याच फेस्टिव्हलला, चेतन आनंदच्या 'नीचा नगर'ला सर्वोच्च बक्षीस होतं, इतर देशांच्या सिनेमांबरोबर विभागून. मराठी 'अमर भूपाळी' १९५२ ला स्पर्धेत होता. २०२४ ला दिग्दर्शिका पायल कपाडियाला ग्राँ प्री, म्हणजे पाम दोरच्या खालोखालचं बक्षीस. हां, मुख्य स्पर्धेत १९९४ नंतर थेट २०२४ लाच आपला सिनेमा गेला, ती तीस वर्षं खटकतातच.

गाऊनचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याच जणी मेकअपच्या ब्रँडकडून जातात, त्याचा स्पर्धेशी काही संबंध नाही.

भावाला सांगितलंय, एजंटला एकच विचार, कुठल्या सेक्शनमध्ये सिलेक्शन? निवडलेल्या सिनेमांची यादी फेस्टिव्हल स्वतः जाहीर करतं आणि फिल्म पाठवायला मधला माणूस लागत नाही, त्यांच्या वेबसाइटवरून आपली आपण पाठवता येते. आज रात्री दोघं बसून फॉर्म बघणार आहोत.