नारळ आधी आणि नकाशे मागाहून?

बांधकामवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: ‘न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 410 दिवसांत उभी राहिली. आपण नकाशे काढण्यातच वर्षं घालवतो. नारळ फोडा, खोदाई सुरू करा. ड्रॉइंग होत राहतील, चुकलं तर मागाहून बदलू.’

410 दिवस खरे आहेत, 17 मार्च 1930 ते 1 मे 1931. वरच्या मजल्यांचे तपशील खाली काम चालू असताना पक्के होत होते, हेही मान्य. पण कुठलं ड्रॉइंग कोणत्या तारखेला हवं, पोलाद कधी यायचं, कधी चढवायचं, याचं वेळापत्रक आधीच बांधलेलं होतं. तुळया पिट्सबर्गहून तयार होऊन, आपापल्या जागेचा क्रमांक घेऊन येत. माल हलवायला मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकलेले होते. या वेगाच्या मागे नियोजनच होतं.

‘आधी सुरू करा’ हा सल्ला खरोखर पाळला गेला तो सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये. मार्च 1959 मध्ये काम सुरू झालं, तेव्हा छताच्या कवचांचा आकारच पक्का नव्हता. म्हणजे खालच्या खांबांवर किती भार येणार, हे नीट माहीत नसताना ते ओतले गेले. पुढे ते कमी पडले आणि नव्याने करावे लागले. 1963 मध्ये पुरं व्हायचं काम 1973 मध्ये संपलं. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. इतकी सुंदर इमारत, आणि तिच्या वाट्याला ही फरफट.

‘मागाहून बदलू’ म्हणणाऱ्यांनी अंधेरीचा गोखले पूल आठवावा. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाचं टोक सुमारे दीड मीटर खाली राहिल्याचं मुंबईभर दिसलं. रेल्वेवरच्या पुलाची उंची नव्या निकषांप्रमाणे वाढली होती, पण जोडणीचं गणित वेळेत सुटलेलं नव्हतं. शेवटी बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलला आणि जुलैमध्ये दोन्ही जोडले. दोन्ही पुलांच्या पातळ्या एकाच कागदावर मांडल्या असत्या, तर हा फरक काँक्रीट ओतण्याआधीच डोळ्यांत भरला असता. याचा मला आजही राग येतो.

परवानग्यांत वेळ जातो, ही तक्रार रास्त आहे. पण फाइल अडकणं वेगळं आणि डिझाइनला दिलेला वेळ वेगळा; मेसेज दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

आमच्या एका साइटवर बाथरूमच्या पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी ठेवायच्या नळ्या, सोडायचे राहिले. स्लॅब पडल्यावर कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने काँक्रीट कापून, भोकं पाडावी लागली; एक भोक तर बीमवरच येत होतं, म्हणून पाइपची वाटच बदलावी लागली. तेव्हापासून माती परीक्षणाचा अहवाल, आरसीसी (सळई-काँक्रीटच्या कामाचं) ड्रॉइंग आणि प्लंबिंग-इलेक्ट्रिकचे नकाशे एकमेकांवर ठेवून तपासल्याशिवाय मी सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावू देत नाही. मालक कितीही घाई करोत.