सही कुठे करायची तेवढं विचारा

गृहकर्ज काढायचं ठरलं की घरात पहिला वाद पेटतो तो एजंट धरावा की थेट बँकेत जावं यावर. व्याजाचा दर किती, हा प्रश्न नंतरचा. आमचा सल्ला मानलात तर तो कधी येणारच नाही.

'मध्ये दलाल नको' असा तुमचा बाणा असेल तर थेट शाखेत जा. बाबांचं पेन्शन जिथे येतं तीच शाखा निवडा. तिथल्या ओळखीचा उपयोग आजवर पासबुक छापून घेण्यापलीकडे झालेला नसला, तरी ओळख ती ओळख. काउंटरवरच्या मॅडम तुमचा नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून घेतात आणि म्हणतात, "आमचे होम लोनचे सर फोन करतील." संध्याकाळी फोन येतो, अगदी अदबीने. आता हे सर बँकेचे पगारी नोकर असतीलच असं नाही. पुष्कळदा ते बँकेचे डीएसए निघतात, म्हणजे ज्याला तुम्ही दारात उभं करणार नव्हता तोच एजंट. पण त्यात शिरू नका. पुढची वीस वर्षं लग्नामुंजीत 'आम्ही डायरेक्ट बँकेतून घेतलं' असं सांगता येणं, याचं मोल प्रोसेसिंग फीत धरलेलं नसतं.

एजंटच धरायचा असेल तर तो मेव्हण्याच्या मित्राचा मित्र असावा. असा माणूस घरी येतो, चहा घेतो, फॉर्म सोळा, सॅलरी स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट स्वतः झेरॉक्स करून आणतो, कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारून देतो आणि म्हणतो, "साहेब, तुम्ही मला एक रुपया द्यायचा नाही. मला बँक देते." हे वाक्य कानाला अमृतासारखं लागतं. बँक का देते, कशाच्या हिशेबाने देते, असले हलकट प्रश्न विचारून त्या माऊलीचा अपमान करू नका. उत्तर साधं आहे: जेवढं कर्ज वाटलं जातं त्याचा ठरावीक हिस्सा. म्हणूनच तुम्हाला चाळीस लाख लागत असले तरी त्याला तुमच्या डोळ्यांत पन्नास दिसतात. "एलिजिबिलिटी बसतेय ना, मग घ्या की. इंटीरियर होऊन जाईल." आणि जी बँक त्याला कमी देते तिचं नाव त्याला त्या दिवशी आठवत नाही, यात त्याचा काय दोष? माणूसच आहे तो.

कर्ज पटकन मिळावं म्हणून तो तुमची फाइल एकाच आठवड्यात तीन-चार ठिकाणी लॉगिन, म्हणजे दाखल, करेल. करू द्या. दर वेळी एकेक बँक तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची कुंडली, उघडून बघते, त्या चौकशांची तिथे नोंद होते, स्कोअर थोडा घसरतो आणि चौथी बँक विचारते, "इतक्या जणांकडे का गेला होतात?" याला लोकसंग्रह म्हणतात.

एक मात्र थट्टा सोडून सांगतो. जागा गुंठेवारीतली असेल, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल किंवा धंदा तुमचा असून रिटर्नमध्ये उत्पन्न लाजत लाजत दाखवलं असेल, तर कुठल्या बँकेचा वकील कुठल्या कागदावर अडेल हे जाणकार एजंटाला शाखेपेक्षा जास्त ठाऊक असतं. तिथे तो खरंच कामाचा. पण पगारदार माणसाने, रेरा नोंदणी असलेल्या आणि बँकेने आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पात फ्लॅट घेताना एजंट शोधायला वणवण करावी, याचं आम्हाला कौतुकच वाटतं.

आता दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो), बांधावी लागतात. रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिने वर लावलेला स्वतःचा टक्का, झाला तुमचा दर. रेपो टीव्हीवर सांगतात, त्यामुळे त्यावर चौकात बसून बोलायला मजा येते. स्प्रेड सँक्शन लेटरमध्ये बारीक अक्षरांत असतो आणि घासाघीस तिथेच होऊ शकते, म्हणून तिकडे बघायचं नाही. पाव टक्क्याने काय होतं? पन्नास लाख, वीस वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये, पावणेनऊने ४४,१८६. महिन्याला आठशे रुपयेसुद्धा नाहीत. वीस वर्षांत एक लाख नव्वद हजार होतात, पण असा हिशेब करणारी माणसं सुखी नसतात. आणि एजंटाने बँकेऐवजी हाउसिंग फायनान्स कंपनी पुढे केली तर "बँकच समजा हो" या शब्दांवर विश्वास ठेवा. २०१९ चा तो नियम या कंपन्यांना लागू नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतो, एवढा बारकावा कोण बघतो?

रिझर्व्ह बँकेला मात्र उगाच चिंता. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं, त्यात फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, असा दंडक आहे. दोन ठिकाणची अशी पत्रकं शेजारी ठेवली की एजंट की बँक हा वाद चहा निवण्याआधी संपेल. घरातली चर्चाच संपवणारी ही गोष्ट. पीडीएफ आली की 'ओके सर' लिहून मोकळे व्हा.

सह्यांच्या दिवशी विम्याचा कागद निघेल. एजंट म्हणेल "कम्पल्सरी आहे", बँकेतले सर म्हणतील "सिस्टीम पुढे जात नाही". बघा, या एका मुद्द्यावर दोघांचं किती एकमत! कर्जासाठी बँकेचाच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही, हे कुठे वाचलं असेल तर विसरा. उलट दीड लाखाचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून टाकतात, खिशातून काही जात नाही, याचा आनंद माना. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं फेडलात की त्या दीड लाखाचे तीन लाख बारा हजार होतात. स्वस्तातला टर्म प्लॅन आधीच काढलेला असेल तर तो ड्रॉवरमध्येच असू द्या. दाखवलात तर सरांना वाईट वाटेल.

पुढे दर वाढतील. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. कुणाची निवृत्ती साठीला आणि शेवटचा हप्ता सत्तरीच्या आसपास. मग ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. ती विचारणा एसएमएसने आली तर क्रेडिट कार्डाच्या मेसेजांबरोबर उडवून टाका. फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडलं तर व्यक्तीला दंड नाही, हा बँकांसाठीचा नियम २०१२ चा. तरीही "पेनल्टी लागते" असं सांगणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याचा मान राखा, बोनसमधून टीव्ही घ्या.

यथावकाश कर्ज फिटतं. त्यानंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत केली नाहीत आणि उशीर बँकेमुळे झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, असं आता ठरलेलं आहे. तुम्ही ती मागू नका. आधी एजंटाला फोन लावा. तो कधीच विम्याच्या धंद्यात गेलेला असतो. मग शाखेत जा. काउंटरवरच्या मॅडम चिठोरं पुढे ओढतील आणि म्हणतील, "नंबर लिहून द्या, आमचे सर फोन करतील."