घुमटाचे तुकडे

गणेश चवथीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात काका घुमट (मडक्याचं तालवाद्य) घेऊन आरतीला बसले की बाकीच्यांना फारसं काम उरत नाही. यंदा मी शहाणपणा केला. मोबाईल समईच्या बाजूला ठेवून आरत्या रेकॉर्ड केल्या. बेत साधा होता: घुमटाचे ठोके सुटे करायचे, कॉम्प्युटरवर हवे तसे मांडायचे आणि भाच्याच्या शाळेतल्या नाचाला ट्रॅक करून द्यायचा. "दोन तासांचं काम," असं बहिणीला सांगितलं. हे वाक्य ती मला अजून ऐकवते.

सॉफ्टवेअरला ठोके आपोआप ओळखून काप मारता येतात. आवाज कुठे एकदम उसळला ते बघायचं आणि तिथे सुरी चालवायची, एवढीच त्याची अक्कल. किती उसळला म्हणजे ठोका म्हणायचं, ते आपण पट्टी सरकवून ठरवायचं. पट्टी वर नेली तर काकांची हलकी बोटं गायब, नुसता धपाधपा उरला. खाली आणली तर 213 तुकडे पडले. एकेक ऐकत गेलो. त्यात घुमटाच्या जोडीचं शामेळ हे तालवाद्य होतं, कासाळं म्हणजे झांजा होत्या, संध्याकाळच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों होता, "फुलां खंय दवरलीं गे?" होतं आणि काकांचा खोकला सात वेळा होता.

पुढे निघाला टक. तुकडा वाजवला की सुरुवातीला बारीक 'टक', जसं कोणी आत बसून नखं कापतंय. आवाजाची लाट मधल्या रेषेच्या वर-खाली डोलत असते. ती रेषेवर असताना कापली नाही तर स्पीकर दचकतो, तोच हा टक. एका सेकंदाचे 44,100 नमुने, म्हणजे आवाजाची तेवढी सुटी मापं. त्यातला नेमका एक शोधायला मी नाक स्क्रीनला टेकवून बसलो. ऑडॅसिटी या माझ्या सॉफ्टवेअरात झेडचं बटण दाबलं की निवडीच्या कडा आपणहून शून्यरेषेवर जातात, हे साठाव्या तुकड्यानंतर कळलं. मागून आई म्हणाली, "कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, त्याला निदान कारण तरी असतं."

खरी पंचाईत शेपटीची. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मडकं. एका तोंडावर कातडं ताणलेलं (पूर्वी घोरपडीचं, कायद्याने घोरपडीला सोडवलं आणि बकऱ्यावर वेळ आली), दुसरं तोंड उघडं. बोटं कातड्यावर पडतात, तेव्हा काकांचा डावा तळवा मागचं तोंड झाकत-उघडत असतो. त्यामुळे ठोका पडून गेल्यावरही नाद वाकत जातो, 'घुम्'चा 'घूंऽव' होतो. सॉफ्टवेअरला हा डावा हात दिसतच नाही. लांब कापावं तर शेपटीत पुढचा ठोका अडकून येतो. आखूड कापावं तर मडक्यावर झाकण आपटल्यासारखं वाजतं. शेवटी हळूहळू आवाज उतरवत नेण्याची युक्ती केली, तर घुमट झोपी गेल्यासारखं वाटायला लागलं. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. मी त्या वारशाची भाजी चिरून ठेवली होती.

चौथ्या रात्री कंटाळून सगळे तुकडे तालाच्या चौकटीत नेमके बसवले. एकही ठोका केसभर मागेपुढे नाही. कोडगेपणाने काकांना हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर दोनदा हलली आणि थांबली.

"कोण वाजयता रे हें?"

"तुम्हीच, काका."

"हांव? हो मनीस जेवंक ना दिसता."

हा माणूस जेवलेला दिसत नाही म्हणे. मी गप्प. ते आणखी थोडं ऐकत राहिले. मध्येच त्यांचा चेहरा उजळला. मी चुकून राहू दिलेला एक तुकडा होता तो.

"ही खोंकली मात म्हजी," काका म्हणाले. "तालार आसा."

भाचा आता त्याच खोकल्यावर गिरकी घेतो.