स्वतःचा शोध घ्यायला कोकणात येताय? या, या!

नोकरी सोडून साधं जगायचं ठरवलंत, अभिनंदन! आधी हिंजवडीतला फ्लॅट भाड्याने द्या. साधं जगायचं म्हणजे महिन्याच्या महिन्याला खात्यात काहीतरी पडायला हवं.

मग जमीन. कुळकायद्याचं कलम 63 आडवं येईल, शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही म्हणेल. घाबरू नका. आजोळच्या सातबाऱ्यावर आईचं नाव असेलच कुठेतरी. ज्या मामांना कधी फोन केला नाहीत, त्यांच्याकडे पेढे घेऊन जा.

घर मातीचंच बांधा. सारवायला वाडीतल्या बायका येतील, तुम्ही हातात शेणाचा गोळा धरून फोटो तेवढा काढा. (आम्ही दर वर्षी कौलं शाकारून कंटाळलो आणि कर्ज काढून स्लॅब घातला, तर गावाचं गावपण घालवलं म्हणून ऐकून घेतो.)

भात लावा. एक दिवस.

शिमग्याचे ढोल रात्री वाजले तर पोलिसांना फोन करा. शांततेसाठीच आलात ना?

आणि कुंपण विसरू नका. अंतर्मुख होऊन बसलेलं असताना समोरून कोणी गवताचा भारा घेऊन गेलं की लय तुटते. तेव्हा जुना गडगा पाडा, चिऱ्याचं कंपाउंड घाला, वर काटेरी तार, लोखंडी गेट, गेटवर वारली चित्रांची पाटी आणि कॅमेरा. मधून पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट, जात असली तर जाऊ दे, नकाशात कुठे आहे? आमच्या वाडीची अशीच गेली, यंदा मे महिन्यात. विहिरीवर जायची, कलमांच्या बागेत जायची, मयत न्यायची वाट. नवे शेजारी विचारतात, "सातबाऱ्यावर नोंद दाखवा." अहो, ज्यांनी डोक्यावरून चिरे वाहून ती पाखाडी बांधली, ते काय तलाठ्याला विचारून बांधत होते? आता आई वहाळातून वळसा घालून जाते, आणि पाऊस लागला की वहाळाला पाणी. मग गेटसमोर भारा घेऊन उभी राहते. आतला गडी म्हणतो, "साहेब ध्यानात आहेत."

मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5: अडवलेली वाट मोकळी करून मागायचं कलम. आता पाठ झालंय मला. तहसीलदारांकडे अर्ज केला, तारखा पडतात. तारखेला वकील येतो. साहेब इगतपुरीला, दहा दिवस मौनात!

राहा की हो, कोण नको म्हणतंय? अर्ध्या वाडीला कुलपं आहेत, माणूस आला तर बरंच वाटतं. पण तुम्हाला एकांत हवा म्हणून आम्ही नाहीसं व्हायचं का? सत्तरीच्या बाईला पावसात गेटबाहेर उभं करता आणि आत डोळे मिटून बसता, लाज नाही वाटत? कुलूप काढा त्या गेटचं. आणि सोमवारी तारीख आहे, वकिलाला पाठवू नका. स्वतः या.